खाडीपलीकडचा दत्ताराम

आमच्या वाडीसमोर खाडी, आणि खाडीपलीकडे गोवा. पंचावन्न सालच्या पंधरा ऑगस्टला इकडे शाळेत झेंडावंदन होतं, तिकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते मोडायला निघालेले सत्याग्रही शाळेच्या पडवीत उतरले होते. सगळे देशावरचे, खाडीचं पाणी कधी न पाहिलेले. त्यांना पलीकडे सोडायचं दत्ताराम होडीवाल्याने कबूल केलं. त्याची बायको नर्मदा तेव्हा पंचविशीतली. तिने नको म्हटलं नाही. पेज उकळत होती, खाऊन जा एवढंच म्हणाली. आल्यावर जेवतो म्हणून तो गेला.

मुलं जयजयकार करत होती तेव्हाच पलीकडून गोळ्यांचे आवाज आले. काहीजण पोहत परतले. होडी ओहोटीबरोबर वाहत जाऊन काठच्या खडपाच्या दगडांना अडकली, तिच्यात कोणी नव्हतं.

हद्द बंद झाली. पलीकडची काही बातमी येईना. दहा-बारा दिवसांनी दीर बाबलीने क्रियाकर्माचा विषय काढला, शेजारणी बांगड्या फोडायला जमल्या. नर्मदेने आतून कडी घातली.

"मडां दाखवा माका," ती म्हणाली. "मगे काय ता करा."

कुंकू कपाळावरच राहिलं. होडी बाबली चालवू लागला. नर्मदा खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून शिरोड्याच्या बाजारात विकायची. दत्तारामने गोव्यात दुसरं घर केलं, असंही लोक तिच्यामागे बोलायचे.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मास्तरांनी तिला झेंड्याजवळ खुर्ची दिली. तालुक्याहून आलेले पाहुणे वीराच्या विधवेबद्दल बोलता बोलता तिच्या कपाळाकडे बघून अडखळले. बायका पदराआड हसल्या. तरी ती दर वर्षी येत राहिली. कशाला जातेस, असं माझ्या आईने एकदा विचारलं. तिथे त्याचं नाव कोणीतरी मोठ्याने घेतं, वाडीत आता कोणी घेत नाही, असं ती म्हणाली.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा सुटला. आमच्याकडे फटाके वाजले, गूळ वाटला. चार दिवसांनी नर्मदा बाबलीला घेऊन पलीकडे गेली आणि घरोघर विचारत फिरली. काठावरच्या शेवटच्या घरात राधाबाई नावाची म्हातारी होती. तिने नर्मदेला बसवलं. मग तिने सांगितलं. गोळी मांडीत लागली होती. तो माडाखाली पडून होता, संध्याकाळपर्यंत जिवंत. जवळ जाणाऱ्यालाही गोळी घालू, असं शिपायांनी बजावलं होतं.

"उदक मागतालो," राधाबाई म्हणाली. "आमी दारां लावन घेतलीं."

त्याला आणखी दोघांबरोबर काठावरच पुरलं होतं. राधाबाईने जागा दाखवली. नर्मदेने तिथेच बांगड्या फोडल्या. बाबली होडीत तोंड फिरवून बसला होता.

पुढच्या पंधरा ऑगस्टला ती पांढऱ्या कपाळाने आली. गोवा सुटल्यानंतरचा पहिला झेंडा, म्हणून गर्दी मोठी होती. मास्तरांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"तो लगेच मरूक नाय," ती म्हणाली. "दिवसभर पाणी मागी होतो. कोणी देवक नाय. तुमी हयसर गाणी म्हणत होतास."

मग मागून कोणीतरी जयजयकार सुरू केला आणि सगळ्यांनी तो उचलला. मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटली. ती कधी निघून गेली ते कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर तिला बोलावणं आलं नाही. पाहुणे हुतात्म्यांची नावं घेत, त्यांत दत्तारामचंही घेत. पण ते ऐकायलाही ती गेली नाही. दर पंधरा ऑगस्टला ती सकाळीच बाबलीच्या होडीतून पलीकडे जायची. राधाबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. नर्मदा तिचं अंगण झाडायची, तिला न्हाऊ घालायची, मासे साफ करून द्यायची. दोघी फारसं बोलत नसत, असं बाबली सांगायचा.

राधाबाई गेली त्या वर्षापासून नर्मदेने खाडी ओलांडली नाही.