दारातलं उत्तर आणि आतलं उत्तर

त्या उन्हाळ्यात मी इतकी दमले होते की स्कूटी स्टँडवर लावायचाही कंटाळा यायचा. सकाळी पद्मनाभपूरच्या घरून निघायचं, कॉलेजात कंत्राटावर गणित शिकवायचं, आणि दुपारी भिलाईला स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरांत दारोदार फिरून एकच प्रश्न विचारायचा: राज्यातल्या बड्या नेत्याचं काम कसं वाटतं? फार चांगलं, चांगलं, ठीक, वाईट की फार वाईट? वय त्रेचाळीस, आणि पीएच.डी.ला मिळालेली शेवटची मुदतवाढ. ती हुकली की नोंदणी रद्द, आणि पक्क्या नोकरीची आशाही संपली.

विषय माझाच, त्यामुळे दोष कोणाला देणार? लोकांची पसंती माहितीशास्त्राच्या गणिताने मोजायची होती. गणित साधं आहे. उत्तर जितकं अनपेक्षित, तितकी त्यात माहिती जास्त. मे महिन्यात भिलाईत ऊन आहे, असं कोणी सांगितलं तर त्यात काय कळलं?

पाहणीसाठी भरून घेतलेले माझे अर्ज सगळे त्या उन्हासारखे निघाले. दार अर्धं उघडायचं आणि आतून हिंदीत उत्तर यायचं, "बढ़िया है मैडम, सब बढ़िया." शेजारीण ओट्यावर उभी असेल तर आवाज आणखी चढायचा. मी 'फार चांगलं'वर खूण करायची आणि पुढचं दार वाजवायची.

मराठी घरांत मात्र पंचाईत व्हायची. माझं आडनाव कळलं की दार पूर्ण उघडायचं. "आपल्याच आहे का वो तुमी? या न आत." मग कूलरसमोर खुर्ची, चहा, आणि चहासोबत मराठीतून दुसरंच उत्तर. भंडाऱ्याकडचे एक काका होते, प्लांटातून रिटायर झालेले. दारात त्यांनीही सब बढ़िया म्हटलं होतं. आत बसल्यावर त्या नेत्याची अशी काही पूजा बांधली की काकू उठून खिडकी लावून आल्या. मी पेन उचललं तसा त्यांनी माझा हात धरला.

"हे लिहू नोको, पोरी. माह्या पोराचा प्लांटात कामाले जायचा गेटपास ठेकेदाराच्या हाती आहे, अन् ठेकेदार त्याईचाच मानूस."

मी लिहिणार नाही म्हणाले. तेव्हा ते सोपं वाटलं.

गाईडसरांनी अर्ज चाळले आणि चष्मा काढला. "सगळ्यांचं उत्तर एकच. यात माहिती शून्य आहे, मॅडम. काढायचं काय यातून?" मी त्यांना आतल्या उत्तरांचं सांगून बसले. सर एकदम सावरून बसले. तेच तर लिहायचं, म्हणाले, दार आणि आत यांतला फरक मोजा, प्रबंध उभा राहील. अर्जावर नाव थोडंच आहे?

नाव नव्हतं, पण क्वार्टर नंबर होता. शिवाय मी शब्द दिला होता. खोटं कशाला सांगू, एका दुपारी काकांच्या अर्जावर मी 'फार वाईट'ची खूण केलीसुद्धा. मग इतकी खोडली की कागद फाटला. मोठेपणा वगैरे काही वाटला नाही. राग आला, स्वतःचा आणि त्या काकांचाही. एका कप चहात माणसाने मला बांधून घातलं होतं. मुदत संपली, नोंदणी गेली, आणि अर्जांचा गठ्ठा मी रद्दीवाल्याला दिला.

दिवाळीनंतर सेक्टरच्या भाजीबाजारात ते काका दिसले. मी मेथीच्या जुड्यांआड तोंड लपवणार, तोच ते समोर आले.

"बरं झालं भेटली. पोराचा गेटपास गेला. ठेकेदारानं काढून घेतला, कावून ते बी सांगितलं नाही. दोन महिने झाले, घरीच बसून राहिला." मग त्यांनी आवाज चढवला, चार माणसांना ऐकू जाईल इतका. "आता कशाचं भेव? लिही तू. फार वाईट लिही. माह्या क्वार्टरचा नंबर बी टाक."

अर्ज आता नाहीत, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. पर्समधून विजेचं बिल काढलं, त्याच्या पाठीवर क्वार्टर नंबर लिहिला आणि पुढे 'फार वाईट'. त्यांनी खिशातला चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"तुह्या कामाचं आहे न हे?"

"खूप कामाचं आहे, काका," मी म्हणाले.