नऊ पितळी खुंट्या

आमच्या घरच्या माणसाचं नाव गजेंद्र. पण सुरतेजवळच्या बमरोलीत, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कोणी त्यांना नावाने हाक मारत नाही. सगळे मास्तर म्हणतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमची खान्देशातली रीत, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. शाळेचे मास्तर नव्हेत. बिघडलेला लूम दुरुस्त करतो त्याला इथे मास्तर म्हणतात. सतराव्या वर्षी अमळनेरकडच्या गावातून हे सुरतेला आले आणि लूमच्या खडखडाटातच वाढले, त्यामुळे घरातही ओरडून बोलतात. मी म्हणते, अहो, मी बहिरी नाही, तुम्ही आहात.

त्यांचा एक हट्ट होता. कुठल्याही यंत्राचं एकही भोक रिकामं सोडायचं नाही. म्हणायचे, लूम दिवसभर थरथरतो, एक बोल्ट नसला की शेजारचा सैल होतो, मग कधी काय निघून उडेल सांगता येत नाही. लूमचं ठीक आहे. पण घरात? आमच्या दाराच्या बिजागऱ्यांचे सगळे पेच घट्ट. आधीच्या भाडेकरूने भिंतीतून खिळे काढून नेले होते, त्या भोकांतही यांनी लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाला एक जादा भोक होतं, त्यातही बोल्ट आवळला, आणि माझी साडी त्याच्यात दोनदा अडकून फाटली. मी भांडभांड भांडले. बोल्ट निघाला नाही. म्हटलं जाऊ दे, दारू पीत नाही ना, मग आवळू दे बोल्ट.

सत्त्याण्णव साली कारखान्याच्या शेठच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बंद पडला. परदेशी कंपनीचा, सेकंडहँड घेतलेला. त्याच्यावर साडीच्या काठांची डिझाइनं निघायची. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की याचे भाग आता मिळत नाहीत, भंगारात द्या. शेठला ते पटेना. बाहेरगावचे व्यापारी आले की त्या पेटीवरचं नाव वाचतात आणि मगच खुर्चीत बसतात, असं त्याचं म्हणणं. मास्तरांनी एकदा त्या कॉम्प्युटरचा पंखा साफ करून दिला होता, तेवढ्यावर शेठने यांना बोलावलं.

"डब्बा यही रहना चाहिए, मास्तर," शेठ म्हणाला. "अंदर जो डालना है, बाजार का डालो."

आणि वर म्हणाला, सोमवारी सकाळी हा चालला तर तुझ्या साल्याला डिझाइनच्या खोलीत बसवतो. नाही चालला तर डिझाइनं बाहेरून काढून घेईन, ती खोलीच बंद करतो.

साला म्हणजे माझा धाकटा भाऊ, लोटू. त्या सालाच्या पाच वर्षं आधी तो यांच्याच हाताखाली लूम चालवायचा. एका सकाळी लूममधून धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात बसला. धोटा माहीत आहे ना, आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला कोणी लूमवर घेत नाही, म्हणून लोटू कापडाचे गठ्ठे डोक्यावर वाहू लागला. डावीकडून येणारं त्याला दिसत नाही. दोन महिन्यांत दोनदा टेम्पोखाली येता येता वाचला, दुसऱ्या वेळी तर चाक त्याच्या पायजम्यावरून गेलं. कोणी भेटायला आलं की तो आधी उठून जागा बदलतो, माणूस उजव्या बाजूला येईल असा बसतो. म्हणतो, तोंड दिसलं म्हणजे बोलायला बरं वाटतं. डिझाइनच्या खोलीत त्याला कॉम्प्युटर चालू करायचा होता, फ्लॉप्या सांभाळायच्या होत्या, कागद काढायचे होते. तिथे टेम्पो नाही. मला बाकी काही कळत नव्हतं. पेटी चालली नाही तर लोटू परत त्या रस्त्यावर, एवढंच डोक्यात होतं.

शनिवारी मास्तर ती पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी घेऊन आले. कारखान्यात कापसाची धूळ फार, म्हणून काम घरी. खाटेवर जुनी चादर अंथरली, पेटी उघडली आणि अडचणी सुरू झाल्या. त्या कंपनीने सगळं आपल्या मापाचं केलेलं. बाजारातला पॉवर सप्लायचा डबा मागच्या खाचेत बसेना. यांनी करवतीने पत्रा कापला, कानशीने घासला, माझ्या पोळपाटावर लोखंडाचा कीस पडला. मग मदरबोर्ड. हा हिरवा पत्र्यासारखा, पण पत्रा नव्हे, त्याच्या पोटाखाली सगळी सोल्डरच्या टाक्यांची जाळी असते. तो पेटीच्या पत्र्याला टेकला तर वीज भलतीकडे जाते, म्हणून खाली पितळी खुंट्या लावायच्या आणि खुंट्यांवर पेच आवळायचे. कंपनीच्या पेटीत खुंट्यांसाठी पाच भोकं होती. नव्या बोर्डाला सहा. जुळली फक्त दोन. मग यांनी हातड्रिल घेऊन चार नवी पाडली.

रविवारी दुपारी वीज जोडायची वेळ आली. मला तेव्हापासून धडकी भरली. चालू करायचं बटण पेटीच्या तोंडाशी, आणि भिंतीतली वीज चार वायरींनी थेट त्या बटणापर्यंत येते. दुकानदाराने यांना बजावलं होतं की वायरींची अदलाबदल झाली तर पहिला धडाका तुझ्या हातात होईल, आणि बोर्डाला जाणाऱ्या दोन पट्ट्यांच्या काळ्या वायरी मधोमध आल्या नाहीत तर बोर्ड गेलाच म्हण. हे सगळं मास्तरांनी मला आपल्या आवाजात सांगितलं, म्हणजे निम्म्या चाळीला सांगितलं.

"मले भ्याव वाटस," मी म्हणाले.

"मांगे सरक," ते म्हणाले.

मी मागे सरकले, पण लाटणं घेऊन. माणूस विजेला चिकटला तर हाताने ओढायचं नाही, लाकडाने मारून सोडवायचं, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. मास्तर रबरी चप्पल घालून पाटावर उभे राहिले. मी लाटणं उगारून त्यांच्या मनगटावर नजर ठेवली. तळहाताला इतका घाम की लाटणं निसटत होतं. त्यांनी बटण दाबलं.

धडाका झाला नाही. पंखा एकदा हलला, अर्धा फेरा घेतला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा. पडद्यावर काहीच नाही.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"जयनं वाटस," ते म्हणाले आणि पाटावरच बसले.

जळलं म्हणाले, तशी मी बोर्डाला नाक लावून वास घेतला. जळका वास नव्हता. तरी पंखा फिरत नव्हता. बोर्ड शेठने आणून दिलेला, दुसरा तो आणणार नव्हता. उद्या सकाळी शेठ पेटी बघणार, नाही म्हणणार, आणि लोटू गठ्ठा उचलून रस्त्यावर जाणार. मास्तरांनी सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. काळ्या वायरी मधोमध होत्या. बटणाच्या वायरी दुकानदाराने कागदावर लिहून दिल्याप्रमाणे होत्या. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा पंखा तसाच हलून थांबला. शेवटी त्यांनी बोर्डाचे पेच काढून बोर्ड हातात घेतला आणि उजेडात धरून बघत बसले.  

मी रिकाम्या पेटीत पाहिलं. आता मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण मी घरी ब्लाउज शिवते, दिवसाला पन्नास-साठ हुकं लावते. माझे डोळे आपोआप मोजू लागले. पेटीत खुंट्या नऊ होत्या. बोर्डाला भोकं सहा.

"ह्या तीन कशाला?" मी विचारलं.

"कंपनीनी जुनी भोकं शेत ती," ते म्हणाले. "रिकामं भोक सोडानं नही."

"अहो, हूक लावायचं ते समोर अडकवायचं आळं असेल तिथेच ना? जिथे आळं नाही तिथलं हूक अंगाला बोचतं. ह्या तीन तुमच्या बोर्डाच्या पोटात बोचतायत."

त्यांनी बोर्ड उलटा केला. टाक्यांच्या जाळीवर तीन ठिकाणी पितळेचा बारीक ओरखडा होता. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या तोंडावरून दिसलं. मी म्हटलं, मग काढा की. त्यांनी पक्कड घेतली, पहिल्या खुंटीला लावली आणि तसेच थांबले. मला वाटलं घट्ट बसली असेल. मी म्हटलं, जोर लावा. ते लावेनात. घाम गळून त्या पत्र्यावर पडत होता.

मग ते बोलले. इतक्या हळू आवाजात, की आयुष्यभर ओरडून बोलणारा हाच माणूस का, असं मला वाटलं.

धोटा बाहेर उडू नये म्हणून लूमवर एक आडवी लोखंडी पट्टी असते. त्या दिवशी सकाळी मास्तरांनी लोटूच्या लूमची पट्टी दुरुस्तीला उघडली होती. परत बसवताना दोनपैकी एकच बोल्ट हाताशी होता. शेठ माल माल करून ओरडत होता. एका बोल्टवर पट्टी बसवली, दुसरं भोक रिकामं ठेवलं, दुपारी लावू म्हणाले. तासाभरात पट्टी सैल होऊन खाली लोंबली आणि धोटा निघाला. धावपळीत कोणी पट्टीकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ठरवलं की धोट्याची अणी झिजली होती, लोटूने बदलायला हवी होती. लोटूनेही तेच मानलं. आणि मास्तर पाच वर्षं सगळ्या दुनियेची भोकं बुजवत फिरले.

माझ्या बाजूला लाटणं पडलं होतं. खोटं कशाला सांगू, ते उचलून यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. माझा भाऊ पाच वर्षं म्हणत होता, ताई, चूक मनीच, मी अणी देखी नही. आणि हा माणूस शेजारी बसून चहा पीत होता. मी रडले नाही, मला रडूच येईना. मी त्यांच्या हातातून पक्कड घेतली आणि तिन्ही खुंट्या एकामागून एक उपटल्यासारख्या काढल्या. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मग मीच त्यांना म्हटलं, उठा, बोर्ड बसवा, माझ्या भावाची नोकरी आहे.

त्यांनी बोर्ड बसवला, सहा पेच आवळले. या वेळी मी लाटणं घेतलं नाही. पंखा हलला, फिरला, फिरतच राहिला, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आम्ही दोघं त्या अक्षरांकडे बघत बसलो, पण आनंद कोणालाच झाला नाही.

"लोटूला तुम्ही सांगायचं," मी म्हटलं. "नोकरी लागल्यावर. आधी सांगितलं तर रागाने तो खोलीत पाऊल टाकणार नाही."

सोमवारी शेठने पेटीवरून हात फिरवला आणि लोटूला बोलावणं पाठवलं. संध्याकाळी लोटू आमच्याकडे पेढे घेऊन आला. नेहमीप्रमाणे त्याने जागा बदलली, मास्तर उजवीकडे येतील असा बसला. स्टोव्हला पिन मारताना मी ती बोटात टोचून घेतली. आता हा उठून जाईल, परत या दारात यायचा नाही, मला भाऊ राहायचा नाही, असंच वाटत होतं. मास्तरांनी खिशातून त्या तीन पितळी खुंट्या काढून जमिनीवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. एकही सबब सांगितली नाही. शेठ ओरडत होता हेसुद्धा सांगितलं नाही.

लोटूने एक खुंटी उचलून बोटांत फिरवली. मग त्याने विचारलं, "तो बोल्ट मंग बसाडा का, दाजी? तठे आते दुसरा कोनी काम करत व्हई."

"त्याच दुपारले बसाडा," मास्तर म्हणाले.

लोटूने मान हलवली. मग तो उठला, मास्तरांच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथे बसला. आता त्याचा गेलेला डोळा मास्तरांकडे होता. त्याने माझ्याकडे चहा मागितला, पेढ्याचा पुडा सोडला, डिझाइनच्या खोलीत पंखा किती जोरात लागतो ते मला सांगितलं.

आजही तो दर रविवारी येतो. यांना दाजी म्हणतो, तब्येत विचारतो, दिलेला चहा पितो. पण आला की आधी जागा बघतो आणि मास्तर डावीकडे येतील असा बसतो. मास्तर कधीच जागा बदलत नाहीत.