अळणी वरण

चिन्नोर तांदळाच्या भाताला वाफ आली, घरभर वास सुटला, आणि अठ्ठावीस वर्षांमागची बालाघाटची ती दुपार आठवली. गोंदियाहून पाहुणे मला बघायला आले होते. बाबांच्या ब्लडप्रेशरचं कोणी बोलायचं नाही, जुळत आलेलं मोडेल, असं आईनं सकाळपासून दहादा बजावलं होतं. पण बाबांसाठी वर्षभर सगळ्या घराचाच स्वयंपाक अळणी होत होता, आणि त्या गडबडीतही सवयीनं आईचा हात मिठाकडे गेलाच नाही. पाहुण्यांनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. आई रडवेली, मी पाण्याचा तांब्या धरून तशीच उभी. शेवटी बाबाच म्हणाले, "खोटं काहून बोलू, मले बीपी हाय." मुलाच्या वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून ताटाशेजारी ठेवली आणि बायकोकडे बघत म्हणाले, "मले बी हाय. सांगू नोका म्हणून हिनंच बजावलं होतं. लय दिवसांनी पाहुण्याघरी बिनधास्त जेवून राह्यलो." त्यांनी वरण पुन्हा मागून घेतलं. आता बाबा आणि सासरे, दोघंही नाहीत. आज माझ्या लेकीला बघायला पाहुणे यायचेत, माझीही गोळी सुरू झालीय, आणि वरणात मी मीठ घातलेलं नाही. मुद्दाम.