लेक कुठे दिली?

सहादूचं मला काही म्हणजे काही बघवत नसे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे माझं बोलणं तिरकस वाटलं तर त्याचं कारण हेच.

मी यादव मिस्तरी. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दाखला मी आग्रा रोडच्या माझ्या गॅरेजात काचेच्या फ्रेममध्ये लावला होता. सहादू एका सरकारी कचेरीच्या जीपवर ड्रायव्हर, शिक्षण सातवी. आम्ही एकाच कॉलनीत, विहाराच्या मागच्या गल्लीत समोरासमोर राहायचो. नवी फियाट नोंदवली तर यायला वर्षानुवर्षं लागायची, म्हणून जो तो जुनी गाडी शोधायचा. आणि गाडी पारखायला कुणाला तरी सोबत न्यायला आलेला माणूस माझ्या दारावरून पुढे जाऊन सहादूची कडी वाजवायचा. रविवारी त्याच्या ओट्याखाली चपलांची रांग लागायची. माझी बायको लंकाबाई खिडकीतून त्या चपला मोजायची आणि आकडा मला सांगायची. मी विचारलेलं नसताना.

त्याची पारख म्हणजे काय, तर चहा पिणं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अठ्ठ्याहत्तर साली लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची अँबॅसडर बघायला गिऱ्हाईक आम्हा दोघांनाही घेऊन गेलं. गाडी दहा वर्षांची, मीटरवर बावीस हजार किलोमीटर. मी बॉनेट उघडून प्लग काढले, गाडीखाली शिरलो, शर्ट काळा करून घेतला. सहादू ओट्यावर बसून बशीतून चहा ओढत होता आणि व्यापाऱ्याला विचारत होता, "शेठ, लेक कुठं दिली?"

"मालेगावला. दहा वर्षं झाली."

"लांब दिली. माहेरी येती का?"

"म्हणजे काय! दर महिन्याला येते. आपलीच गाडी जाते आणायला, आपलीच पोचवायला."

सहादूनं बशी खाली ठेवली, गाडीला हातही लावला नाही. परत येताना एसटीत तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "आणायला दीडशे, पोचवायला दीडशे. वरसाचे साडेतीन हजार झाले. धा वरसांत नुसत्या लेकीचे पस्तीस हजार. मंग हे बावीस कुठले? मीटरची केबल काढून ठेवली व्हती त्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस्तरी, घरची गाडी वरसाला धा हजार चालली तर चालू द्या. लाख चाललेली गाडी वाईट नाय. लाख चालून बावीस सांगती ती वाईट."

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. गाडीचं वय विचारायचं सोडून लेकीबाळींची चौकशी करणाऱ्याला लोक पारखी म्हणतात आणि माझ्या दाखल्यावर धूळ बसते, याचा मला मनस्वी राग आला. त्याचं गणित बरोबर होतं, याचा त्याहून जास्त आला.

एक्याऐंशी साली माझे दाजी, म्हणजे बहीण विमलचे यजमान निवृत्ती, नोकरीतून मोकळे झाले. फंडाचे पैसे आले होते. त्यातून एक जुनी फियाट घ्यायची आणि यात्रेकरूंना त्र्यंबकला, वणीला न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. घरात दुसरी मिळकत नव्हती. विमल माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, पंचवटीतल्या एका गुरुजींची गाडी आहे. सहादूभाऊंना घेऊन जावं म्हणतेय."

माझी सख्खी बहीण! माझ्या गॅरेजात उभी राहून, माझ्या दाखल्याखाली! मी पाना फेकला आणि म्हणालो, "सहादूला नेणार असशील तर पुन्हा या दारात येऊ नकोस." ती घाबरली. दाजी आणि मी असे दोघंच गेलो.

गुरुजींनी मला खुर्ची दिली, चहा विचारला. मी म्हणालो, चहा नको, गाडी दाखवा. सहादूसारखा बशी घेऊन बसणारा मी नव्हे, हे दाजींना दिसायला हवं होतं. पासष्टची फियाट, मीटरवर एक्केचाळीस हजार. मी थेट क्लचच्या पॅडलपाशी वाकलो. गाडी फार चालली असेल तर बुटांनी घासून पॅडलचं रबर गुळगुळीत होतं, हे आम्हाला आयटीआयत शिकवलेलं. इथे रबरावरच्या रेघा कोऱ्या होत्या. मी दाजींना वाकून बघायला लावलं आणि म्हणालो, "ही खरी पारख. गाडी घर ते नदीचा घाट एवढीच फिरलीय."

सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं तेव्हा बोटाला तेलकट काजळी लागली होती. इंजिन तेल खातंय याची ती खूण. मी ते बोट रुमालाला पुसलं. तोवर मनातल्या मनात मी सहादूच्या ओट्याखालच्या चपला माझ्या दारात आणून ठेवल्या होत्या.

दाजींनी गाडी घेतली आणि नवरात्रात पाच यात्रेकरू घेऊन ते वणीला निघाले. नांदुरीचा घाट अर्धा चढून गाडीनं निळा धूर सोडला आणि जीव टाकला. यात्रेकरू भाडं न देता चालत वर गेले. विमल रडत कॉलनीत आली ती माझ्या दारावरून सरळ सहादूकडे गेली. लंकाबाई खिडकीत होती. त्या दिवशी तिनं खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सहादू माझ्या दारात. "चला मिस्तरी, गुरुजींकडं जाऊन येऊ." दाजी सोबत होते, नाही कसं म्हणणार?

सहादूनं चहा घेतला. मग ठरलेला प्रश्न, "गुरुजी, लेक कुठं दिली?"

"लेक नाही हो मला," गुरुजी हसले. "यजमान मात्र गावोगाव. सिन्नर, येवला, मालेगाव, पार धुळ्यापर्यंत. पूजा सांगायला हीच गाडी."

"मंग पॅडल येवढं चांगलं कसं?"

"सोवळ्यात असतो ना मी. चामड्याची चप्पल कशी चालेल? सोळा वर्षं अनवाणीच चालवली." आणि मग ते कौतुकानं म्हणाले, "शहात्तरच्या दत्तजयंतीला मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववरून फिरलं आणि सगळी शून्यं आली! आख्ख्या गल्लीला पेढे वाटले मी." माझ्याकडे बघून त्यांनी निरागसपणे पुस्ती जोडली, "तुम्ही त्या दिवशी काही विचारलंच नाहीत. म्हटलं, मिस्तरी आहेत, त्यांना कळत असेल."

कुणी फसवलं नव्हतं. गाडी एक लाख एक्केचाळीस हजार चाललेली होती आणि ते पंचवटीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. एका कप चहाला मी हो म्हटलं असतं तर मलाही कळलं असतं.

नऊ दिवस खपून मी ते इंजिन पदरमोड करून उभं केलं. विमल अंगणात उभी होती. सहादू तिला म्हणाला, "ताई, मिस्तरींची चूक नाय. पॅडल बघून मीबी फसलो असतो." तो फसला नसता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. त्याचा एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली, त्यावर दाजींचं घर चाललं. विमल माझ्याशी पुन्हा बोलू लागली, पण काही विचारायचं असलं की अजून समोरच्याच दारात जायची.

चौऱ्याऐंशीत सिन्नरच्या एका मास्तरांची गाडी बघायला गिऱ्हाइकानं पुन्हा आम्हा दोघांना नेलं. सहादू मागे गिऱ्हाइकाशी बोलत राहिला होता. मी ओट्यावर बसलो, चहा घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "मास्तर, लेक कुठे दिली?"

मास्तर हसले. "सहादूचे शिष्य दिसता!"

माझा चहा कडू झाला. मी म्हणालो, "उलटं आहे. सहादू माझ्याकडे शिकला."

मास्तर माझ्या खांद्यावरून मागे बघू लागले. मी वळलो. सहादू दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. आता हा माझी लाज काढणार, आणि काढू दे एकदाची, असं मला वाटलं. निदान मग मला त्याचा हक्कानं द्वेष करता आला असता.

"खरं हाय मास्तर," सहादू चप्पल काढत म्हणाला. "इंजिनाचं जे काय येतं ते मी मिस्तरींच्याच गॅरेजात बसून शिकलो."

आणि तो माझ्या शेजारी बसला. त्या माणसानं मला त्याचा हेवासुद्धा कधी सुखानं करू दिला नाही.