प्रदर्शन उठल्यावर

"तुझ्या बाबांना मांडलेलं कधी दिसतच नाही गं, उठलेलंच दिसतं." आई हे म्हणाली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. नागपुरात कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन लागलं होतं, सगळं शहर तिकडे लोटलं होतं... आणि बाबा घरात बसून ते संपायची वाट बघत होते.

कामच तसं होतं त्यांचं. हस्तकलेच्या वस्तूंची प्रदर्शनं भरवणाऱ्या एका सरकारी खात्यात होते. प्रदर्शन उठलं की स्टॉल सोडवायचे, माल खोक्यांत भरायचा, मैदान जसं घेतलं तसं परत द्यायचं... हे सगळं बाबांकडे. रिबन कापतानाच्या एकाही फोटोत ते नाहीत.

एकदाच परदेशात गेले, स्पेनमधल्या सेव्हिलला. तिथे जागतिक प्रदर्शन होतं, पण यांना बोलावलं ते अगदी शेवटी. त्या वर्षी दिवाळीला ते घरी नव्हते. शाळेत मी ऐटीत सांगितलं होतं की बाबा जग बघायला गेलेत. आल्यावर विचारलं, कसं होतं जग? तर म्हणाले, "खोक्यात होतं बेटा."

आता बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डब्लिनला आलेत. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. शनिवारी परत निघतील, आणि गेल्या गेल्या त्यांना नागपूरचं घर रिकामं करायचंय, कारण बिल्डिंग पाडून नवीन बांधणार आहेत. आईचं कपाट अजून तिनं ठेवलं होतं तसंच आहे. "मी करतो सगळं, तू कशाला येतेस एवढ्या लांबून," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवून टाकलाय.

तर परवा रविवारी ऊन पडलं. इथे ऊन पडलं की घरात बसून राहणं हा गुन्हाच! माझी लेक सई आणि बाबांना घेऊन आमच्या ब्युमॉन्ट भागातून बसने हर्बर्ट पार्कला गेले.

मला बाबांना ती जागा दाखवायची होती. १९०७ साली तिथे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, महिनोन् महिने चाललं होतं. मोठाले हॉल, बँड, थेट पाण्यात उतरणारी घसरगुंडी... आता तळं आहे, बदकं आहेत आणि हिरवंगार गवत. मी आदल्या दिवशी नेटवर वाचून तयारीच करून गेले होते. पॅरिसचा टॉवरसुद्धा अशाच प्रदर्शनासाठी बांधला होता, वीस वर्षांनी उतरवणार होते, हेही सांगितलं.

"बाप्पा! एकेक रिव्हेट काढता काढता जीव गेला असता," बाबा म्हणाले. खरोखर काळजीत पडले होते ते.

मग मी सांगितलं, इथे एक सोमाली गावही मांडलं होतं. आफ्रिकेतून माणसं आणून... झोपड्या, बायका, मुलं, सगळं तिकीट काढून बघायला.

बाबा चालायचे थांबले. "माणसं मांडली होती?" मग काठीवर टेकून माझ्याकडे वळले, "परत नीट पोचवलं ना त्यांना?"

मला माहीत नव्हतं. मी एवढं वाचून गेले होते, पण हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता.

तेवढ्यात सईने बूट काढले आणि ती गवतावर धावत सुटली. बाबा एकदम ओरडलेच. "अगं, काहून अनवाणी पळून राहिली ती? पायात काही घाल म्हणा तिला!"

"आजोबा, इट्स जस्ट ग्रास! इट्स ग्रँड!" सई लांबूनच.

बाबांनी काठी माझ्या हातात दिली. गुडघा दुखत असताना खाली वाकले आणि तळहात गवतावरून फिरवायला लागले... सावकाश, बोटं मातीपर्यंत नेत. मला वाटलं काही पडलं की काय.

विचारलं, तेव्हा कळलं. नागपुरात मजूर निघून गेले की बाबा एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढत फिरायचे. मोठे खिळे, बारीक खिळे, तारांचे तुकडे... सगळं उचलायचे. "दुसऱ्या दिवसापासून पोरं खेळत ना तिथं," म्हणाले. कुणी सांगितलेलं नव्हतं. सेव्हिललाही ते चुंबक कपड्यांच्या घडीत घालून नेलं होतं म्हणे! आणि आम्ही घरी जेवायचे थांबून, आज पुन्हा उशीर म्हणून चिडत बसायचो.

हात झटकत ते उठले. "चांगलं साफ केलंय. ज्यानं केलं त्यानं मन लावून केलंय."

शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या कुण्या आयरिश माणसाला बाबा शाबासकी देत होते. त्यांना स्वतःला ती कुणी दिल्याचं मला आठवेना. मीही नाही.

मग बाकावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढून नीट बुटांत कोंबले, आणि सईचा हात धरून तळ्यापर्यंत अनवाणी चालत गेले. "थंड आहे गं," एवढंच म्हणाले.

बाबा, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता. लाइक करत नाही, तेवढंच. समोर बसून मला हे विचारता येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय... नागपूरच्या घराला हात लावायला दिवाळीपर्यंत थांबाल का? मला रजा मिळेल. आईचं कपाट तुम्ही एकट्याने उघडू नका, आपण दोघं उघडू. तुम्ही नाहीच म्हणणार, "तुझं काय काम तिथं" म्हणणार, ठाऊक आहे मला.

तरी विचारते. येऊ ना?