शेवटच्या ओळीखालची गावे

सूतगिरणीच्या अध्यक्षाने म्हसवडकडच्या सभासदांना फसवले आणि गुन्हा एका टायपिस्ट बाईच्या माथी मारला. नोकरीतले पुष्कळ गुन्हे मी विसरलो. हा विसरलो नाही.

नव्वदच्या दशकात मी कुपवाड पोलीस ठाण्यात फौजदार होतो. गिरणीच्या निवडणुकीत म्हसवड भागातले, अध्यक्षाच्या विरोधातले सभासद मतदार यादीत नाव नाही म्हणून परत गेले. अध्यक्ष निवडून आला. ओरड झाली तेव्हा गिरणीनेच फिर्याद दिली, की बाईने पैसे खाऊन नावे उडवली. बाईला अटक झाली. जबाब देताना ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, एकेक नाव मीच भरलंय. एवढी काढत बसले असते तर बोटं झिजली असती."

दोन दिवसांनी म्हसवडचा एक माजी सैनिक ठाण्यात आला.

"आवं सायेब, पैसं खाणारा माणूस बघून नाव उडवतोय. हितं सरसकट समदी गेली. अध्यक्षाचा जावई बी आमच्यासंगं उन्हात हुबा हुता."

मी गिरणीत गेलो. कॉम्प्युटरवरच्या डेटाबेसमध्ये सगळी नावे शाबूत होती. निवडणूक अधिकाऱ्याला मात्र यादी स्प्रेडशीटच्या फाइलमध्ये, फ्लॉपीवर दिली होती. ती एका सभासद क्रमांकावर येऊन थांबत होती. म्हसवडकडचे सभासद सगळ्यात शेवटी झालेले, म्हणून त्यांचे क्रमांक त्याखाली.

ती फाइल काढून देणाऱ्या कॉम्प्युटर ठेकेदाराला बोलावले. तो इंग्रजी झाडू लागला. माझी आई सांगलीच्या मंडईत भाजी विकायची. भाव करायला मी तिथे शिकलो. चहा मागवला.

"साक्षीदार व्हायचंय का आरोपी? दोन्ही माल माझ्याकडं हाय."

"साक्षीदाराला काय पडतं?"

"खरं बोलायचं. त्यात घासाघीस न्हाई."

चहा निवला तसा तो बोलला. त्या फाइलमध्ये सोळा हजारांच्या थोड्या पुढपर्यंतच ओळी मावतात. उरलेल्या गळतात, आणि मशीन काही सांगत नाही. "हे मी अध्यक्षांना मतदानाच्या आधीच सांगितलं होतं. दोन फायली करू म्हटलं. त्यांनी विचारलं, खाली कोण आहेत? म्हसवडचे म्हटल्यावर म्हणाले, आहे तीच दे. तुमचे जावई पण त्यात आहेत म्हटलं. तर म्हणाले, एक मत गेलं तर जाऊ दे."

फिर्याद खोटी असल्याचे लिहून, अध्यक्षावर कारवाई मागत मी तपासाचा शेवटचा अहवाल, 'ब' समरी, पाठवली. वरिष्ठांनी ती 'क' केली, म्हणजे गैरसमजातून झालेली फिर्याद, कारवाई कुणावरच नाही. मी तावातावाने त्यांच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "मशीनची चूक आहे हो, सोडा." पुढच्या महिन्यात माझी बदली कोयनानगरला झाली.

बाई सुटली, पण गिरणीने तिला परत घेतले नाही. "यादीवाली" हे नाव चिकटले आणि कुपवाडात कुणी काम देईना.

मशीन ओळी गाळते तेव्हा माणूस बघत नाही. खाली कोण आहे हे विचारून जो गप्प बसतो, गुन्हा त्याचा. तपासात मी हे शिकलो, आणि पुढे प्रत्येक यादीची शेवटची ओळ आधी पाहिली.

ते अध्यक्ष आणि ते वरिष्ठ दोघेही हयात आहेत. मला उत्तर नको. त्यांनी त्या बाईच्या दारात उभे राहावे आणि तिची नोकरी कशासाठी घेतली, ते तिला सांगावे.