गंधाराच्या पट्टीखालचं पुठ्ठं

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. आणि त्या रविवारी सकाळी तर माझा स्वतःवरचाही जरा उडाला होता, कारण बाईंच्या गाण्याला म्हणून निघालेला मी बायकोला घेऊन भलत्याच हॉलमध्ये जाऊन बसलो होतो.

झालं असं, की ‘शुक्रवार पेठ, पहिला मजला, सकाळी साडेदहा’ एवढंच माझ्या डोक्यात होतं. जिना दिसला, चढलो. दारात गुलाबपाणी शिंपडलं, हातात उपम्याची प्लेट आणि चहा दिला. मी शैलाला – म्हणजे बायकोला – म्हटलं, “बघ, याला म्हणतात रसिकता!” दुसरा चहा संपत आला तेव्हा स्टेजवर एक टायवाला आला आणि विचारू लागला, “आयुष्यात पुढं जायची इच्छा किती जणांना आहे?” मी हात वर केला. शैलानं तो खाली ओढला.

“अहो, हा विमा एजंटांचा मेळावा आहे.”

“मग बाई?”

“बाई कशाला विमा विकतील? उठा!”

हे सांगितलं ते केवळ माझी फजिती म्हणून नाही. या चुकीमुळे आम्ही उशिरा पोचलो, आणि माझा चहाही आधीच झालेला होता. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर पुढचं काही मी पाहिलंच नसतं.

खरं थिएटर दोन गल्ल्या सोडून. थिएटर म्हणायचं ते आपलं प्रेमानं. बोल्लीशेठच्या घरी पूर्वी माग होते. आता खाली टॉवेलचं गोडाऊन, आणि वरच्या मजल्यावर त्यांनी हौसेनं शंभर-एक खुर्च्यांचं छोटं नाट्यगृह केलंय. माईक लागत नाही. गाणाऱ्यानं श्वास घेतला तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतो. बाईंचं नाव मी मुद्दाम देत नाही. सत्तरी ओलांडलीय, मराठी अभंग आणि कानडी पदं दोन्ही गातात, आणि आमच्या या सीमाभागात त्यांच्यासाठी जीव टाकणारे लोक आहेत. जे तसे आहेत त्यांना नाव लागणार नाही.

त्यातले एक माझे सासरे होते. अण्णा. दुधनीला पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं सायकलला बांधून पेट्या घेऊन यायची. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला – “गाणार कोण?” तोवर झाकण उघडायचे नाहीत. मग पट्टी सैल झालेली असो की अडकलेली, तिच्याखाली काडेपेटीचं पुठ्ठं चार घड्या करून, वर मेणबत्ती घासून सरकवायचे. आणि त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक कानडी अक्षर. गाणाऱ्याच्या सुरात ती पट्टी सा असेल तर ‘सा’, रे असेल तर ‘रे’. फोम-बिम सगळं बाजारात मिळायला लागलं तरी अण्णा पुठ्ठ्यावरच. शैला लहानपणी त्यांना मेण घासून द्यायची.

शेवटचा हिवाळा अण्णा आमच्याकडे जुळे सोलापूरला होते. खोकला भयंकर. तेव्हा बाईंचा गावात कार्यक्रम होता आणि अण्णा दोन दिवस आधीच धोतर इस्त्रीला द्या म्हणून मागं लागलेले. शैला म्हणाली, “अण्णा, तुम्ही खोकून खोकून लोकांना ऐकू देणार नाही. माना वळवून बघतील सगळे. पुढच्या खेपेला नेते.”

“व्हय गं अव्वा,” लेकीला कानडीत आईच म्हणणारे अण्णा म्हणाले, “पुढच्या खेपेला जाऊ की.”

रागावले असते तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी गेले.

याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरात बाईंचा आवाज बंद. मोबाईलवर चुकून लागला तरी शैला उठून गॅलरीत जायची. अण्णांचा विषय निघाला की तिला कपडे वाळत घालायचे आठवायचे, भर पावसात सुद्धा. मी पुष्कळ समजावलं. पण माझं समजावणं म्हणजे... असो. बाईंनी आता कार्यक्रम कमी केलेत, हा कदाचित सोलापुरातला शेवटचाच, असं कळलं तेव्हा मी न विचारता दोन तिकिटं काढली. शैला शेवटच्या क्षणापर्यंत नको म्हणत होती. आली ती, मला वाटतं, माझा हिरमोड नको म्हणून.

तर – आम्ही पोचलो तेव्हा बोल्लीशेठ दारातच.

“काय हो साहेब, पंधरा मिनिटं झाली की गाणं सुरू होऊन!”

“मीटिंग होती जरा,” मी म्हटलं. शैलानं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

खुर्च्या सगळ्या भरलेल्या. बोल्लीशेठनी दोन प्लास्टिकच्या आणल्या आणि स्टेजच्या कडेला लावून दिल्या. पेटीवर साथीला हिरेमठ सर होते. त्यांच्यात आणि माझ्यात हातभर अंतर. मला पेटीच्या पट्ट्या मोजता येत होत्या.

बाई गात होत्या. आवाज थोडा पातळ झालाय, पण सूर... तो तसाच. पण पेटी त्रास देत होती. एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही. सर पुढच्या सुरावर गेले तरी मागं ती सूंऽऽ करत राहायची. सर नखानं ती उचलायचे, घाम पुसायचे, पुन्हा तेच. दोन अभंग असेच गेले. मागून कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला बाई मध्येच थांबल्या आणि हसून म्हणाल्या, “हिरेमठ, तुमच्या पेटीला खोकला झालाय की हो!”

सगळं थिएटर हसलं. मीही हसलो, आणि मग शैलाकडं पाहिलं.

ती समोर बघत होती. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरलेला.

मध्यंतर झालं तशी उठली. “मी रिक्षानं जाते. तुम्ही ऐका.”

“अगं, त्या सहज बोलल्या. त्यांना काय माहीत...”

“माहीत नाही तेच. मला माहीत आहे की.” आणि गेली.

मी मागं जायला हवं होतं. पण लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर एवढं कळतं, की लगेच मागं गेलं की भांडण होतं आणि पाच मिनिटांनी गेलं की नाही होत. म्हणून बसून राहिलो. बाकीचे खाली चहाला गेले. बाई आतल्या खोलीत, तबलजी आणि हिरेमठ सरही चहाला. मला चहा नको होता, एजंटांनी दोन पाजले होते. वर मी आणि ती पेटी. पेटीवर सरांनी आपली शाल टाकलेली, तीही वैतागून फेकल्यासारखी, अर्धी खाली लोंबत होती.

आता जे लिहितो ते जसं झालं तसं.

पेटी वाजली. मोठ्यानं नाही. एकच सूर, अगदी बारीक, आणि थांबला. मी वर पाहिलं. पुन्हा तोच सूर, थांबला. कुणी लावून बघावा तसा. घाबरलो का? खरं सांगतो, नाही. मला वाटलं आतल्या खोलीत कुणीतरी मोबाईलवर तानपुरा लावतंय. मग लक्षात आलं की पेटीचा भाता बंद आहे. कडी लावलेली आहे, शालीच्या कडेखालून ती मला दिसत होती. हवा नाही तर सूर कुठून?

तिसऱ्यांदा सूर आला तो लांब होता, स्वच्छ होता, आणि जिथं संपायला हवा तिथं संपला. मागं सूंऽऽ नाही. आणि मेणबत्ती नुकती विझवल्यावर येतो तसा वास.

उठून शाल उचलून बघावं, एवढं साधं मला सुचलं नाही. मी फक्त पाय खुर्चीखाली घेतले. आमचं शौर्य एवढंच.

मग माणसं वर यायला लागली, हिरेमठ सर आले. शाल उचलायला वाकले आणि थबकले. “ही कुणी आवरली?” शाल चार घड्या करून पेटीच्या मधोमध ठेवलेली होती. मी तिथंच, समोर बसलेलो. घडी होताना मी पाहिली नाही, हे शपथेवर सांगतो. मधे डुलकी लागली असेल का? असेलही. पण मला डुलकी लागली की घोरतो, आणि त्या थिएटरात घोरलो असतो तर बाई आतून बाहेर आल्या असत्या.

बाईंनी दुसरा भाग कानडी पदानं सुरू केला. मी दाराकडं पाहिलं. शैला गेली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी उभी होती, चप्पल घालून. तिनं मला नंतर सांगितलं की रिक्षा मिळाली होती, आत बसलीही होती, पण घराची किल्ली माझ्या खिशात होती म्हणून वर आली.

पद वर चढलं, आणि हिरेमठ सरांचं बोट त्या पट्टीवर गेलं. सरांनी डोळे मिटून घेतले, आता काय होणार या धसक्यानं. काहीच झालं नाही. सूर आला, बाईंच्या आवाजाला टेकला, आणि सरांनी बोट उचलल्याबरोबर गेला. बाईंनी मान वळवून पेटीकडं पाहिलं, सरांकडं नाही, आणि पुन्हा त्याच सुरावर आल्या. पुन्हा. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मागून कुणीतरी “वाऽ” म्हणालं. शैलानं दारातच चप्पल काढली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

कार्यक्रम संपल्यावर हिरेमठ सरांनी मला धरलं. “तुम्ही इथंच होता ना? पेटी कुणी उघडली?”

“कुणीच नाही हो.”

“असं कसं? पेटी आपोआप नीट होत असती तर मी दोन अभंग घाम पुसत बसलो असतो का?” आणि त्यांनी झाकण काढलं. आम्ही चौघं वाकलो – सर, बोल्लीशेठ, मी, शैला. सगळ्या पट्ट्यांखाली कारखान्यातला निळा फोम. त्या एका पट्टीखाली काडेपेटीचं पुठ्ठं. चार घड्या, वर मेण.

सरांनी ते चिमटीत धरून उजेडात नेलं. “कानडी आहे. ग.” मग म्हणाले, “गंमत बघा. ही पट्टी गंधार कधी? तर बाई गाणार असतील तेव्हा. मी गायलो तर हिचा मध्यम होतो. म्हणजे ज्यानं कुणी लिहिलं त्याला गाणार कोण हे माहीत होतं.”

बोल्लीशेठ म्हणाले, “अहो, पेटी गेल्या दिवाळीत आणलीय मी मिरजेहून, नवीकोरी. आजच पहिल्यांदा वाजली. कोण उघडणार?”

शैलानं हात पुढं केला. सरांनी पुठ्ठं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं त्या अक्षरावर अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ही रडणार, आणि मी रुमाल शोधू लागलो, जो अर्थातच घरी राहिला होता.

ती रडली नाही. बोल्लीशेठ म्हणाले, “वहिनी, पाहिजे असेल तर ठेवा की.” तिनं मान हलवली. पेटीपुढं मांडी घालून बसली, डाव्या हातानं पट्टी हलकेच वर धरली, आणि पुठ्ठं होतं तसं, होतं तिथं सरकवून दिलं. एकदा भाता मारून सूर वाजवून पाहिला. हिरेमठ सर बघतच राहिले. सत्तावीस वर्षांत तिला हे करताना मीही पाहिलं नव्हतं.

नंतर मी माझ्या परीनं शोध घेतला. मिरजेच्या कारागिराला फोन केला, तो म्हणाला आम्ही पुठ्ठं कशाला वापरू. बोल्लीशेठकडं कॅमेरा आहे, पण त्याचं तोंड खालच्या गोडाऊनकडं, टॉवेल चोरीला जाऊ नयेत म्हणून. हिरेमठ सरांना कानडी येतं, पण त्या पंधरा मिनिटांत ते खाली चहाच्या टपरीवर होते, दहा जणांनी पाहिलंय. माझ्या मुलीचं म्हणणं, मीच केलं असेल आईसाठी. लेकीचा बापावर इतका विश्वास बघून बरं वाटलं, पण मला घरातला बल्बही बदलता येत नाही. अण्णांच्या हातचं एखादं पुठ्ठं दुधनीहून कुणी आणून ठेवलं म्हणावं, तर कुणी, कधी, आणि माझ्या डोळ्यांदेखत? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा, मी विज्ञानाच्याच बाजूचा आहे.

त्या दिवशी आम्ही स्कूटरवरून परतलो. घरी आल्यावर तिनं साडी न बदलताच भाकरीचं पीठ काढलं. मी ताटं घेतली. दोन भाकऱ्या झाल्या, तिसरी तव्यावर टाकली, आणि माझ्याकडं न बघता एकदम तडकली. दोन वर्षांत अण्णांबद्दलचं तिचं पहिलं वाक्य.

“काय माणूस म्हणायचा हा! त्यांना गाण्याला नेलं नाही म्हणून दोन वर्षं मी जीव जाळतेय. आणि आले ते आले, तर तिथंही आपलं काम काढून बसले. जरा खुर्चीत निवांत बसून ऐकायला काय झालं होतं अण्णांना?”